क्लोरीन वायू आणि फेरिक क्लोराइड शेजारी ठेवून कसे पाहावे

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम करत असताना प्रशिक्षणाच्या वर्गात मला एक प्रश्न हमखास विचारला जाई. क्लोरीन आणि फेरिक क्लोराइड या दोन्हींच्या नावात ‘क्लोर’ आहे, तर मग त्यांतले जास्त विषारी कोणते? विचारणारा बहुधा सर्किट बोर्डाच्या कारखान्यात एचिंगच्या, म्हणजे नको असलेले तांबे रसायनाने विरघळवण्याच्या, टाकीवर काम करणारा असे, नाहीतर एखाद्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा ऑपरेटर असे, आणि त्याला ‘क्लोरीन’ असे एका शब्दातले उत्तर हवे असे. ते उत्तर चुकीचे नाही, पण ते ऐकून माणूस फेरिक क्लोराइडच्या बाबतीत निर्धास्त होतो. लहान कारखान्यांत आणि मोठ्या गृहसंकुलांत क्लोरीनची बाधा झाल्याच्या ज्या घटना मी जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी क्लोरीनचा सिलिंडर आवारात नव्हताच. तो वायू तिथल्या तिथे, दोन कॅनमधले द्रव एकत्र आल्यामुळे तयार झाला होता.

म्हणून कारखान्याचा पर्यवेक्षक असो, रसायनशास्त्राचा विद्यार्थी असो किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलाच्या समितीवर एसटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, जबाबदारी आलेला सभासद असो, त्याला ही तुलना स्वतः करता यावी या हेतूने पद्धत येथे मांडत आहे. शीर्षकात शेजारी ठेवायला सांगितले आहे ते कागदावर. गोदामात नव्हे, आणि का नव्हे ते पुढे येईलच.

आधी आपल्याकडे नेमके काय आहे ते लिहावे

तुलना नावांची होत नाही, प्रत्यक्ष आवारात असलेल्या मालाची होते. त्यामुळे कागदाचे दोन उभे भाग करून पहिल्या ओळीत पदार्थ कोणत्या रूपात, किती तीव्रतेचा आणि किती आहे हे लिहावे. क्लोरीन आपल्याकडे दाबाखाली द्रवरूप करून येतो. जलशुद्धीकरण केंद्रांसारख्या मोठ्या ग्राहकांकडे 900 किलो क्लोरीन मावणारा आडवा टनर असतो, त्याहून लहान गरजेसाठी 100 किलोचा सिलिंडर असतो, आणि भारतीय मानकानुसार त्याचा रंग सोनेरी पिवळा असतो. फेरिक क्लोराइड तीन रूपांत मिळते. निर्जल रूपातले खडे किंवा भुकटी काळपट दिसते, सहा पाण्याचे रेणू धरून असलेले स्फटिक पिवळट नारिंगी असतात, आणि तयार द्रावण गडद तपकिरी असून ते साधारणपणे 40 टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचे असते. आपल्या भागातल्या बहुतेक कारखान्यांत हे द्रावणच असते. ‘फेरिक’ एवढेच लिहून पुढे जाऊ नये, कारण निर्जल भुकटी दमट हवेत धुमसते, ठाण्याच्या खाडीकाठी जुलै महिन्यात ती उघडी ठेवणे म्हणजे आम्लाच्या वाफांना आमंत्रण देणे आहे, आणि द्रावणाला हा स्वभाव फारच कमी प्रमाणात असतो.

पुरवठादाराकडून दोन्हींची सेफ्टी डेटा शीट मागून घ्यावी. जुने लोक तिला अजून एमएसडीएस म्हणतात. तिच्यात सोळा विभाग असतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतले तर माणूस दुसऱ्याच पानावर कंटाळतो, कारण दुसऱ्या विभागातल्या इशाऱ्यांची भाषा सगळीकडे सारखीच भीतिदायक असते. मी तिसरा, नववा, आठवा, दहावा आणि चौथा या क्रमाने वाचण्याचा सल्ला देतो. तिसऱ्यात घटक आणि तीव्रता कळते, नवव्यात भौतिक गुणधर्म, आठव्यात हवेतल्या प्रमाणाच्या मर्यादा आणि संरक्षक साधने, दहाव्यात कशाबरोबर काय होते, आणि चौथ्यात प्रथमोपचार. चौदाव्या विभागातला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक मात्र आधी बाजूला टिपून ठेवावा. क्लोरीनचा तो 1017 आहे, फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा 2582 आणि निर्जल रूपाचा 1773. टँकरच्या पाठीमागे किंवा ड्रमच्या लेबलावर नाव पुसट झालेले असले तरी हा क्रमांक वाचता येतो, आणि अग्निशमन दलाला फोनवर तो सांगितला की पुढचे बोलणे निम्म्याने कमी होते.

नावातल्या ‘क्लोर’चा अर्थ

फेरिक क्लोराइडच्या रेणूचे वजन काढले तर त्यातले सुमारे 34 टक्के लोखंड असते आणि उरलेले 66 टक्के क्लोरीन असते. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, आणि दोन तृतीयांश क्लोरीन असलेला पदार्थ म्हणजे जवळजवळ क्लोरीनच, असा निष्कर्ष ते काढतात. पण हाच हिशेब खाण्याच्या मिठाला लावला तर त्यातही वजनाने 60 टक्क्यांहून थोडे अधिक क्लोरीन निघते, आणि ते आपण आमटीत घालतो. फरक असा की वायुरूप क्लोरीनमध्ये दोन अणू एकमेकांना धरून असतात आणि समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेण्याची त्यांची भूक शिल्लक असते, तर क्लोराइडमध्ये ती भूक भागलेली असते. फेरिक क्लोराइडमध्ये भुकेला असतो तो लोखंडाचा अणू. तो तीन धनप्रभारांच्या अवस्थेत असतो आणि एक इलेक्ट्रॉन मिळाला की दोन प्रभारांच्या, म्हणजे फेरस अवस्थेत जातो. सर्किट बोर्डावरचे तांबे विरघळते ते यामुळे. फेरिक क्लोराइड तांब्याचे इलेक्ट्रॉन घेऊन फेरस क्लोराइड होते आणि तांब्याचे कॉपर क्लोराइड होते. दोन्ही पदार्थ ऑक्सिडीकारक आहेत ही गोष्ट समान, पण एकात ते काम क्लोरीन करतो आणि दुसऱ्यात लोखंड करते.

दोघांचे नाते मात्र खरे आहे. लोखंडावरून किंवा फेरस क्लोराइडच्या द्रावणातून क्लोरीन वायू सोडून फेरिक क्लोराइड बनवतात, म्हणजे एक दुसऱ्याचा कच्चा माल आहे. त्यामुळे फेरिक क्लोराइड बनवणाऱ्या कारखान्याची आपत्ती योजना आणि ते नुसते वापरणाऱ्या कारखान्याची योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनवणाऱ्याकडे क्लोरीन असतोच. 1989 च्या घातक रसायनांविषयीच्या केंद्रीय नियमांत क्लोरीनसाठी 10 टन आणि 25 टन असे दोन उंबरठे दिलेले आहेत, आणि साठा जितका मोठा तितक्या कारखान्यावरच्या जबाबदाऱ्या वाढतात.

शरीरापर्यंत येण्याची वाट

तुलनेचा कणा म्हणून कोणता गुणधर्म घ्यावा, असे कोणी विचारले तर मी विषारीपणाचा आकडा सांगत नाही, उत्कलनबिंदू सांगतो. क्लोरीन उणे 34 अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे नवी मुंबईच्या कोणत्याही ऋतूत तो सिलिंडरबाहेर पडला की लगेच वायू होतो, आणि 1 लिटर द्रवापासून साडेचारशे लिटरहून अधिक वायू तयार होतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटतो, गटारात, तळघरात आणि जिन्याखाली साठतो. फेरिक क्लोराइडचे द्रावण सांडले तर ते जिथे सांडले तिथेच डबक्यासारखे पडून राहते. त्यातली क्षाररूप वस्तू हवेत जात नाही, फार तर थोडा आम्लाचा वास येतो. एकाची वाट नाकातून फुप्फुसाकडे जाते आणि ती आपण न बोलावता येते. दुसऱ्याची वाट त्वचेवरून, डोळ्यांतून किंवा तोंडातून जाते, आणि तिथे बहुधा आपलाच निष्काळजी हात कारणीभूत असतो.

हा फरक आकड्यांत उतरवून दाखवावा, म्हणजे तो विसरला जात नाही. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी बंद खोली घेतली तर तिच्यात तीन लाख लिटर हवा मावते. 1 किलो क्लोरीन साधारण 25 अंशांना सुमारे 345 लिटर जागा व्यापतो. भागाकार केला तर खोलीतले प्रमाण दर दहा लाख भागांत साडेअकराशे, म्हणजे 1150 पीपीएम येते. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने क्लोरीनसाठी जिवाला तत्काळ धोका मानलेली पातळी 10 पीपीएम आहे. ती गाठायला त्याच खोलीत फक्त 3 लिटर वायू, म्हणजे नऊ ग्रॅमांहूनही कमी क्लोरीन पुरतो. आणि त्याच खोलीत 1 किलो फेरिक क्लोराइडचे द्रावण सांडले तर? फरशीवर एक तपकिरी डाग पडेल, त्यावर पाय घसरू शकतो, चप्पल खराब होते, आणि हवा जवळपास होती तशीच राहते.

इथेच एका सापळ्याचा उल्लेख करायला हवा, कारण आठवा विभाग वाचताना मीही एकदा त्यात अडकलो होतो. अमेरिकी कायद्यातली क्लोरीनची कमाल मर्यादा 1 पीपीएम अशी छापलेली असते, आणि लोखंडाच्या विद्राव्य क्षारांची शिफारस केलेली मर्यादा दर घनमीटर हवेत 1 मिलिग्रॅम अशी असते. दोन्हीकडे ‘1’ दिसतो. एकके सारखी करावीत म्हणून हिशेब केला तर 1 पीपीएम क्लोरीन म्हणजे दर घनमीटरला सुमारे 2.9 मिलिग्रॅम होतो. लोखंडाची मर्यादा फक्त लोखंडाच्या वजनावर दिलेली असल्याने तिचे फेरिक क्लोराइडमध्ये रूपांतर केले की तेही नेमके 2.9 मिलिग्रॅमच येते. म्हणजे कागदावर दोघे अगदी तोडीस तोड! पण क्लोरीनचा आकडा हा क्षणभरही ओलांडायचा नाही असा आहे आणि लोखंडाचा पूर्ण पाळीच्या सरासरीचा. शिवाय क्लोरीनला तो गाठायला सैल झालेली एक गास्केट पुरते, तर फेरिक क्लोराइडला कोणीतरी द्रावणाचा फवारा किंवा भुकटीची धूळ मुद्दाम हवेत उडवावी लागते. मर्यादेचा आकडा आणि तिथवर पोहोचण्याची सोय या दोन गोष्टी नेहमी एकत्र वाचाव्यात. अमेरिकेतल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने क्लोरीनची सरासरी मर्यादा अलीकडच्या वर्षांत 0.1 पीपीएमवर आणली आहे, तेव्हा शीट कोणत्या वर्षाची आहे हेही पाहून घ्यावे.

मोकळ्या हवेतला हिशेब खोलीसारखा सोपा नसतो. 14 जुलै 2010 रोजी मुंबई बंदराच्या हाजी बंदर भागात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळाला आणि शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तिथे तर समुद्राकाठचा वारा होता. आपल्या पट्ट्याची रचना पाहिली तर पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी, मधे ठाणे-बेलापूर रस्ता, रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला मुख्यत्वे कारखाने आणि खाडीकडच्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे अशी वस्ती आहे. पावसाळ्यात वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो, पण हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीवरून खाडीकडे मंद झुळूक असते आणि जड वायू अशा वेळी लवकर पांगत नाही. क्लोरीन ठेवणाऱ्या कारखान्यात वातकुक्कुट किंवा कापडी विंडसॉक सर्वांना दिसेल असा लावलेला हवा. फेरिक क्लोराइडच्या रकान्यात या ओळीसमोर सरळ रेघ मारली तरी चालते.

पाण्याशी आणि धातूंशी दोघांचे वागणे

दोन्ही रसायने पाणी शुद्ध करण्याच्या कामात येतात, त्यामुळे एकाऐवजी दुसरे चालेल असा गैरसमज होतो. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रातून नवी मुंबईला येते. अशा कोणत्याही जलशुद्धीकरणात आधी पाण्यातली माती आणि गढूळपणा खाली बसवावा लागतो आणि नंतर जंतू मारावे लागतात. पहिले काम तुरटीचे, पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे किंवा फेरिक क्लोराइडचे आहे. दुसरे काम क्लोरीनचे. फेरिक क्लोराइड पाण्यात पडले की लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचे तांबूस पुंजके होतात, बारीक कण त्यांना चिकटून तळाशी जातात, आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. दर मिलिग्रॅम फेरिक क्लोराइडमागे पाण्यातली सुमारे 0.92 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, खर्च होते, म्हणून मात्रा वाढवली की पीएच घसरतो. क्लोरीन पाण्यात गेला की हायपोक्लोरस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. जंतू मारते ते त्यांतले पहिले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळापाशी दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा अशी अपेक्षा आहे. फेरिक क्लोराइड कितीही ओतले तरी हा आकडा शून्यच राहील.

गळतीच्या वेळी पाण्याचा उपयोग करावा की नाही याचे उत्तर दोन्ही रकान्यांत उलटे येते. क्लोरीन गळणाऱ्या जागेवर थेट पाणी मारू नये. तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि जो विरघळतो त्याचे आम्ल होऊन तेच भोक मोठे करते. त्याला शोषून घ्यायला कॉस्टिक सोड्याचे द्रावण लागते. टनर गळत असेल तर गळणारी जागा वरच्या बाजूला येईल असा तो फिरवतात, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो आणि गळती कैकपटीने कमी होते. हे काम फक्त प्रशिक्षित माणसाने आणि स्वतःचा हवापुरवठा असलेले श्वसनयंत्र लावून करायचे असते. बारीक गळती शोधायला अमोनियाच्या द्रावणाचा बोळा जवळ नेतात. क्लोरीन असेल तर पांढरा धूर दिसतो. फेरिक क्लोराइड अंगावर उडाले तर मात्र पाण्याशिवाय दुसरा मित्र नाही. जमिनीवर सांडलेले द्रावण वाळूचा बांध घालून अडवावे, त्यावर चुना किंवा सोडा अ‍ॅश हळूहळू टाकावी, सोड्याने फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि गाळ अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवावा. एचिंगच्या टाकीतल्या वापरलेल्या द्रावणात तांबेही असते, त्यामुळे ते नाल्यात सोडणे हा दुहेरी गुन्हा आहे.

धातूंच्या बाबतीत मला स्वतःला सर्वांत मजेशीर वाटणारा विरोध टायटॅनियमचा आहे. फेरिक क्लोराइडच्या द्रावणाला टायटॅनियम उत्तम तोंड देतो, ओल्या क्लोरीनलाही देतो, पण अगदी कोरड्या क्लोरीनमध्ये तो पेट घेऊ शकतो. साध्या पोलादाचे नेमके उलटे आहे. सामान्य तापमानाचा कोरडा क्लोरीन पोलादी सिलिंडरात वर्षानुवर्षे राहतो, ओलावा शिरला की पोलाद खाल्ले जाते, आणि फेरिक क्लोराइड तर पोलादाला पहिल्या दिवसापासून कुरतडते. स्टेनलेस स्टीलवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की त्याच्यावर खड्डे पडतात का हे तपासण्याची जी प्रयोगशाळेतली प्रमाणित चाचणी आहे, तिच्यात फेरिक क्लोराइडचेच द्रावण वापरतात. म्हणून फेरिकसाठी एचडीपीई (जाड प्लॅस्टिक), एफआरपी (काचतंतू घातलेले प्लॅस्टिक) किंवा आतून रबर लावलेली टाकी घ्यावी आणि मोजून मात्रा सोडणाऱ्या डोसिंग पंपाचे ओले भागही प्लॅस्टिकचे आहेत ना, हे खात्री करून घ्यावे. एका कारखान्यात पंप योग्य होता, पण बदललेला एक स्क्रू स्टीलचा होता. पंधरा दिवसांत तिथून धार लागली.

बाधा झाल्यावर

क्लोरीन लागलेल्या माणसाला वाऱ्याच्या आडव्या किंवा उलट दिशेने आणि उंच जागी न्यावे, अर्धवट बसते ठेवावे, घट्ट कपडे सैल करावेत, चालायला लावू नये आणि 108 वर फोन करावा. 1 ते 3 पीपीएमला डोळे-नाक चुरचुरतात, 30 च्या आसपास छातीत दुखणे, खोकला आणि उलट्या सुरू होतात, 40 ते 60 च्या दरम्यान फुप्फुसांना सूज येऊ शकते. यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ही सूज काही तासांनी येते. बरे वाटते म्हणून घरी गेलेला कामगार रात्री धापा टाकत परत येतो, तेव्हा ठसका थांबला तरी डॉक्टरांच्या नजरेखालीच ठेवावे. क्लोरीनवर उतारा असा नाही, उपचार लक्षणांवर आणि प्राणवायूवर चालतो. वासावरही विसंबू नये. थोड्या वेळाने नाक सरावते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटू लागते. तोंडाला ओला रुमाल बांधून वाचवायला आत शिरणारा माणूस हा दुसरा रुग्ण ठरतो.

फेरिक क्लोराइड डोळ्यांत उडाले तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे पाणी मारत राहावे आणि मग डॉक्टरांकडे जावे. कपडे काढून त्वचा धुवावी. त्वचेवर सोडा चोळून उदासीन करण्याचा प्रयत्न करू नये. पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण आम्ल घशाला दुसऱ्यांदा भाजते, आणि लोखंडाची विषबाधा होऊ शकते हे रुग्णालयात स्पष्ट सांगावे. गॉगल, नायट्राइलचे हातमोजे आणि पीव्हीसीचा एप्रन एवढ्यावर रोजचे काम भागते.

आणि मग दहावा विभाग

इथवर भरलेला कागद पाहिला तर फेरिक क्लोराइडचा रकाना बराच सौम्य दिसतो. दहाव्या विभागात विसंगत पदार्थांची यादी असते, ती दोन्ही शीटमध्ये वाचून झाली की तिसरा रकाना आखावा आणि त्यात आवारातल्या बाकीच्या रसायनांची नावे लिहावीत. या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘हायपो’ येतो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि त्याच्या सोबतीला ब्लीचिंग पावडर. हायपो अल्कधर्मी असतो तोवर क्लोरीन त्यात गुमान बसून राहतो. कोणतेही आम्ल मिसळले की तो वायुरूपाने बाहेर पडतो. फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा पीएच 2 च्या खाली असतो, आणि ते हायपोत पडले की लोखंड हायड्रॉक्साइड होऊन बसते व आम्ल मोकळे होते. म्हणजे ज्या दोन पदार्थांची आपण इतका वेळ तुलना करत आहोत, त्यांतला दुसरा योग्य जोडीदार मिळाला की पहिल्याला जन्म देतो.

बाजारात मिळणाऱ्या हायपोत उपलब्ध क्लोरीन साधारण 10 टक्के धरला तर 1 लिटरमध्ये सुमारे 100 ग्रॅम होतो. पाच लिटरचा कॅन चुकून फेरिकच्या टाकीत रिकामा झाला आणि सगळा क्लोरीन सुटला, तर अर्धा किलो वायू तयार होईल. वरच्याच खोलीत हे प्रमाण 575 पीपीएम भरते. संकुलांचे एसटीपी तर तळघरात असतात, छत बुटके असते, पंखा बंद असतो, आणि जड वायूला जायला वाट नसते. तुरटी किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरणाऱ्यांनीही सुटकेचा निःश्वास टाकू नये. तीही द्रावणे आम्लधर्मीच आहेत.

महापे भागातल्या एका लहान कारखान्यात मी पाहिलेला प्रसंग असा. फेरिकचा कॅन कलंडून वीसेक लिटर द्रावण फरशीवर पसरले. पाळीप्रमुखाने ठरल्याप्रमाणे वाळू आणायला माणूस पाठवला. तेवढ्यात सफाईच्या कामावरच्या मावशींनी, घाण दिसली की ब्लीचिंग पावडर टाकायची या रोजच्या सवयीने, दोन मुठी पावडर त्या डागावर भुरभुरली. पिवळसर हिरवी वाफ उठली आणि शेडमधले सगळे खोकत बाहेर पळाले. दरवाजे उघडे होते म्हणून प्रकरण दोन जणांच्या ठसक्यावर निभावले. मावशींना कोणी काही शिकवले नव्हते. प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर त्यांचे नावच नव्हते, आणि ते पत्रक मीच तपासून सही केलेले होते.

त्यानंतर मी तुलनेच्या कागदावर एक ओळ कायमची घातली: ‘सांडल्यावर काय टाकायचे नाही’. क्लोरीनसमोर तिथे पाणी लिहिलेले असते, फेरिकसमोर ब्लीचिंग आणि हायपो. हा कागद मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, सफाईचे सामान ठेवतात त्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. सुरक्षा कार्यालयातल्या काचेच्या फलकावर तो कोणी वाचत नाही.

साठवणुकीत फेरिक आणि हायपो यांच्या टाक्यांचे बांध वेगळे हवेत, दोन्हींचे सांडलेले द्रव एकाच चरातून एकाच खड्ड्यात जाता कामा नयेत, आणि मापायचे मग, नरसाळी व रबरी नळ्याही वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. फेरिकचा मग धुऊन हायपोसाठी घेतला तर काय होते, असे नेहमी विचारतात. एरवी काही होत नाही, आणि एखाद्या दिवशी धुवायचा राहून जातो. टँकरने माल घेणाऱ्यांसाठी धोका याहून मोठा आहे, कारण दोन्ही टाक्यांची भरण्याची तोंडे बहुधा एकाच भिंतीवर, एकाच मापाची आणि एकाच करड्या रंगाची बसवलेली असतात, आणि रात्री दोन वाजता आलेल्या चालकाला कोणते कोणाचे हे सांगायला पहारेकऱ्याशिवाय कोणी नसते. तिथे फलक लावण्यावर थांबू नये. दोन्ही तोंडांची कपलिंग वेगवेगळ्या मापांची बसवून घ्यावीत, म्हणजे फेरिकच्या टँकरची नळी हायपोच्या तोंडाला लागणारच नाही, आणि दोन्हींना कुलूप घालून किल्ल्या पाळीप्रमुखाकडे ठेवाव्यात. टँकरची कागदपत्रे आणि त्याच्या पाठीवरचा क्रमांक, 2582 आहे की दुसरा कोणता, हे स्वतः पाहिल्यावरच त्याने कुलूप उघडावे.